मंगळवारी दहा ते बारा

आन्सेल्म गेरिनो पहिल्यांदा माझ्या नजरेत भरला तो शाळेच्या बाकात अडकलेला. शिक्षिका म्हणून माझी फ्रान्समधल्या सेंत-ओब्रँ या खेड्यात बदली होऊन आठवडाच झाला होता. आमचं आणि शेजारची तीन अशी चार गावं मिळून एकच गाव करायचं की नाही, हे ठरवायला माझ्या वर्गात सभा भरली होती. आन्सेल्म गावचा मेयर. आयुष्यभर छपरांवर पाटीच्या दगडाची कौलं बसवत आलेला धिप्पाड माणूस. तो बोलायला उठला आणि त्याच्याबरोबर बाकही उठलं. सगळे खो-खो हसले.

"हसा," तो म्हणाला. "पण ऐका. मी आहे तोवर आपल्या कचेरीचं दार बंद होणार नाही. शब्द देतो."

त्या शब्दावर हात वर झाले. व्हाल-द-ब्रनेल नावाचं मोठं गाव झालं, मोठी कचेरी तिकडे सहा मैलांवर गेली. आन्सेल्मकडे आमच्या भागाचं उपमेयरपद उरलं: एक टेबल, एक शिक्का आणि मंगळवारचे दोन तास. तो पदावरून उतरला तर दुसरं कुणी उभं राहणार नाही, आणि मोठी कचेरी दाराला कुलूप लावायचा ठराव करणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

पुढे त्याची बायको यूगेत दम्यामुळे समुद्राकाठी लेकीकडे राहायला गेली. तिचा फोन यायचा.

"खोलीला पडदेसुद्धा लावलेत. की त्या शिक्क्याशी संसार थाटलायस?"

"या वसंतात कायमचा येतो गं."

एका मंगळवारी राजीनाम्याचं पत्र घेऊन त्याने मला कचेरीत बोलावलं. "बाई, चुका काढा. लाज वाटू देऊ नका, मला सवय आहे." मी दोनच काढल्या. तो सही करणार, तेवढ्यात काठी टेकत बर्ती म्हातारी आली. नवऱ्याशेजारची थडग्याची जागा तिला स्वतःच्या नावावर करून हवी होती.

"मोठ्या कचेरीत जा की," आन्सेल्म म्हणाला.

"बस नाही, गुडघे नाहीत. चालत जाऊ? पोचेन तेव्हा जागेची गरजच उरायची नाही!" तिची नजर टेबलावरच्या कागदावर गेली. "काय रे, कुठं निघालायस?"

त्याने कागदावर हात ठेवला.

"तुझ्या शब्दावर मी हात वर केला होता, आन्सेल्म. माझ्या नवऱ्याने नव्हता केला."

त्याने पेनाला टोपण लावलं, पत्र माझ्याकडे सरकवलं आणि कपाटातून दफनभूमीची वही काढली. "बसा, मादाम बर्ती." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, वर तारीख पुढच्या वसंताची घाला."

ते पत्र माझ्या खणात आहे. तारीख चार वेळा बदलली. बर्ती म्हातारी गेली, तिच्या जागेत निजली. पण तिच्यामागे आणखी अकरा जण अजून आहेत, ज्यांना बस नाही.

आन्सेल्म आता एकोणऐंशी वर्षांचा आहे. शनिवारी तो यूगेतकडे जातो, आणि सोमवारी संध्याकाळी परत येतो.