क्लच नसलेली गाडी आणि आमचे भासरे

भासऱ्यांशी सुनेनं थेट बोलायचं नाही, हा आमच्या घरातला नियम मी लग्नापासून पाळते आणि त्याचा फायदाही घेते. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते नवऱ्याला म्हणतात, "तिले सांग." मी शेजारीच उभी असते. नवरा मान वळवून तेच वाक्य मला पुन्हा ऐकवतो. न पटणारी गोष्ट असली तर मला ती दोन्ही वेळा ऐकू येत नाही.

रामाकोना गावाकडे आमचा संत्र्याचा बगीचा आहे. मधे नाला, नाल्यापलीकडे खडा चढ आणि चढावरची झाडं मी स्वतः लावलेली. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला डाव्या पायानं क्लच दाबवेना. जीप सुटली, ट्रॅक्टर सुटला. आपल्याच झाडांपाशी जायला कुणीतरी रिकामं होण्याची वाट बघत बसायचं, याचा मला फार राग यायचा.

त्यामुळे यंदा घरात खडकाळ रानात चालणाऱ्या छोट्या गाडीची गोष्ट निघाली, तेव्हा माझे कान टवकारले. पुढे शेजारी शेजारी दोन सीट, मागे संत्री भरायला हौदा. नागपूरच्या एका दुकानदारानं दोन वापरलेल्या गाड्या ट्रायलला पाठवल्या. एकीला जीपसारखा क्लच आणि गिअर. दुसरीला पट्टा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पट्टा आपला आपण वेग सांभाळतो, डाव्या पायाला काही काम नाही. दोन्हींतली एकच ठेवायची होती.

भासऱ्यांचा निकाल ट्रायलच्या आधीच लागला होता. "गाडी म्हटली का क्लच पाह्यजे," ते नवऱ्याला म्हणाले. "बिनक्लचच्या गाडीचा काय भरोसा?"

नवऱ्यानं क्लचवाली भरल्या कॅरेटसकट चढावर नेली. मधेच ती बंद पडली, हिसके देत पुन्हा निघाली, पण पोचली. उतरताना मात्र इंजिननं तिला असं धरून ठेवलं की खोटं कशाला बोलू, उताराला तीच शहाणी.

मग भासरे पट्ट्याच्या गाडीत बसले. जन्मभर जीप चालवलेला माणूस. गाडी जरा पळू लागताच सवयीनं त्यांचा डावा पाय क्लच शोधत दणकन खाली गेला, आणि तिथं होता ब्रेक. गाडी जागच्या जागी उभी, वरचं कॅरेट उलटं आणि संत्री नाल्यात. तोडणीच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. पुढे अर्ध्या चढावर भासऱ्यांनी ब्रेक न लावता, जीप हाफ क्लचवर धरतात तशी गाडी नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर धरली आणि मागं वळून खाली नाल्यापाशी असलेल्या नवऱ्याला सूचना देत राहिले. पट्टा रबराचा, तो जागच्या जागी घसरत राहिला आणि थोड्याच वेळात जळका वास सुटला.

"पाह्य, जळून राहिली," ते खुशीत म्हणाले. "दुकानदाराले सांग, घेऊन जा म्हणा."

गुडघा घेऊन पडले होते तेव्हा मी मोबाईलवर असल्या गाड्यांचे व्हिडिओ बघण्यापलीकडे काही केलं नव्हतं. ओझं असलं की लो, म्हणजे हळू पण जोर देणारा गिअर, टाकायचा आणि चढावर थांबायचं तर ब्रेकवर, एवढं मला पाठ होतं. मी नवऱ्याला मोठ्यानं म्हणाले, "त्याइले सांगा, पट्टा थंडा झाला का मी एकदा चालवून पाहते."

गाडी खाली आणली, पट्टा निवला आणि मी स्टिअरिंगवर बसले. नवरा नाल्यातली संत्री वेचत होता. भासऱ्यांना तर जातीनं बघायचं होतं. त्यांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. धाकट्या भावाच्या बायकोशेजारी बसणार कसे? ते मागे गेले, हौद्यात चढले आणि माझ्याकडे पाठ करून कॅरेटवर बसले. बायकांनी आता तोंडावरचे पदर सोडून दिले आणि उघड हसल्या.

मी लो टाकला. अर्ध्या चढावर भासरे संत्र्यांना म्हणाले, "इथं थांबवून पाहा म्हणा."

निरोप पोचवायला कुणी नव्हतं. मी ब्रेक दाबला. गाडी मुकाट उभी राहिली, वास नाही की काही नाही.

"आता जाऊ द्या म्हणा." गाडी निघाली.

"हळू म्हणा." हे मला ऐकू आलं नाही.

वर माझ्या झाडांपाशी मी गाडी बंद केली. किती दिवसांनी स्वतःची स्वतः आले होते. भासरे खाली उतरले, पट्ट्याच्या झाकणापाशी वाकून वास घेतला. तेवढ्यात नवरा धापा टाकत वर आला.

"तिले सांग," भासरे म्हणाले, "चावी तिच्यापाशीच राहू दे."

नवरा माझ्याकडे वळला. त्यानं तोंड उघडायच्या आत मी चावी कमरेला खोचली होती.