हणमंत निष्काळजी नव्हता

फोरमन ऑफिसात आला आणि म्हणाला, "अशोक, ॲक्सिडेंटचा फॉर्म काढ." माणूस पडला हे सांगायच्या आधी त्याने फॉर्म मागितला. न्हावा शेवा बंदरात एका कंत्राटदाराकडे मी कारकून आहे, फॉर्म कुठल्या ड्रॉवरमध्ये असतात हे मला पाठ आहे, म्हणून मीही आधी ड्रॉवरच उघडला. मग विचारलं, कोण? तो म्हणाला, "तो तुमचा दुबईवाला." ...हणमंत. जहाजावर रचलेल्या कंटेनरच्या थरावरून थेट खाली लोखंडी डेकवर. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. याला आता सहा आठवडे झाले. मला या दिवसांत रडू फारसं आलं नाही. संताप आला, आणि तो काही केल्या उतरत नाही. त्यातला निम्मा माझ्या स्वतःवरचा आहे.

घणसोली गावात एका आगरी बाईंच्या घराला लागून चार भाड्याच्या खोल्या आहेत. त्यातल्या एकीत मी, शेजारच्या खोलीत हणमंत आणि त्याची बायको सुमनवहिनी. मी आणि हणमंत दोघेही सातारा जिल्ह्यातले, एकाच तालुक्यातले, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. तो दुबईच्या बंदरात चार वर्षं राबून नुकताच परत आला होता आणि काम शोधत होता. मी छाती पुढे काढून म्हणालो, आमच्याकडे ये, शेठला सांगतो. त्याला तिथे मी लावलं. काम त्याच्या हातातलंच होतं. बंदरात कंटेनरला सगळे डबाच म्हणतात. जहाजावर एकावर एक रचलेले डबे लोखंडी सळयांनी आवळून बांधायचे आणि उतरवायच्या आधी त्या सळया सोडवायच्या. दुबईत तो तेच करायचा. काम तेच, सळया त्याच, कधी कधी तर जहाजसुद्धा तेच... फक्त देश वेगळा.

त्याचं निम्मं बोलणं 'तिकडं'पासून सुरू व्हायचं. गँगमधले त्याची भरपूर थट्टा करायचे. "दुबई शेठ, कटिंग चालेल ना, का तिकडून मागवायची?" तो हसायचा. पण दुबईचं गुणगान तो कधीच गात नसे, हे कुणी नीट ऐकलंच नाही. मुकादमानं पासपोर्ट काढून घेतला होता, एका खोलीत बारा जण झोपायचे, उन्हानं नाकातून रक्त यायचं आणि युनियन हा शब्द तोंडातून निघाला तर दुसऱ्या दिवशी विमानात बसवायचे, हे सगळं तो सांगायचा. तिकडच्या एका महिन्याच्या पगारात इथले चार महिने बसायचे, हेही सांगायचा, पण ते त्याला फारसं महत्त्वाचं वाटत नसे.

एका रविवारी आम्ही दारातल्या ओट्यावर बसलो होतो. घरमालकीण सुपात जवळा निवडत होती. मी नेहमीचाच प्रश्न विचारला, तिकडे नक्की पगार किती मिळायचा रे? हणमंत म्हणाला, "अशोकराव, पगार किती ह्ये समदी इचारत्यात. पगार कशावर, ह्ये कुणीच इचारत न्हाई." मी म्हणालो, म्हणजे? "तिकडं पैसं तासावर. सेफ्टी बेल्ट लावाय पाच मिन्टं गेली तर मालकाची गेली. हितं पैसं डब्यावर. पाच मिन्टं गेली तर माझी गेली, आन् माझ्या गँगची गेली. मग कोण लावंल बेल्ट?" मी हसून विषय बदलला. आमच्या ऑफिसात दर महिन्याला डब्यांचे आकडे मीच जुळवत होतो, आणि इतकी साधी गोष्ट मला कधी सुचली नव्हती.

तो मात्र बेल्ट लावायचा. इथे शेठकडे बेल्ट नव्हतेच, म्हणून दुबईहून येताना आणलेला स्वतःचा. केशरी पट्टा, पडू नये म्हणून सळईत अडकवायचे दोन लोखंडी आकडे, त्याच्या बारीक कमरेसाठी त्याने स्वतः पाडलेलं एक जादा भोक. वर चढला की आधी आकडा अडकवायचा, मग सळईला हात. त्यामुळे गँगचे डबे कमी व्हायला लागले. बरोबरचे कुरकुरले, एकाने तर तोंडावर सांगितलं, "भीती वाटत असेल तर खाली बस ना राव." पण नंतर त्यातल्याच दोघांनी ऑफिसात येऊन विचारलं, आम्हाला पण असा बेल्ट मिळेल का? झालं. त्याच दिवशी शेठ कमरेला पेजर लटकवून हजर. "हे काय दुबई आहे का? एकाला बघून सगळे मागायला लागतील." बंदरात बाहेरचं सामान आणायला परवानगी नाही, असं एक कारण त्याने जागच्या जागी शोधलं आणि बेल्ट काढून घ्यायला लावला. घेतला मी. ठेवला ऑफिसातल्या माझ्या कपाटात. किल्ली माझ्याकडे.

त्यानंतर रोज सकाळी हजेरीच्या वेळी हणमंत खिडकीत वाकायचा. "आमचं दावं हाय न्हवं कपाटात?" गुरं बांधायच्या दोराला म्हणतात तसं तो त्याला दावं म्हणायचा. मी वर न बघता म्हणायचो, आहे, आहे. तीन आठवडे हा विनोद चालला. तीन आठवड्यांत मला एकदाही वाटलं नाही की उठावं, कपाट उघडावं आणि ज्याचं आहे त्याच्या हातात द्यावं. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. नोकरी प्यारी होती, दुसरं काही नाही. दुबईत तो परका होता, तरी त्याला बेल्ट मिळाला. इथे आम्ही त्याचे, त्याच्या तालुक्यातले, आणि तो काढून घेतला आम्ही.

तर तो फॉर्म. त्यात 'कामगाराचा अनुभव' असा रकाना होता. मला वाटलं, त्याच्याबद्दल कागदावर एक तरी चांगली गोष्ट जावी. मी लिहिलं, 'दुबई बंदरात चार वर्षे अनुभव. सेफ्टी बेल्ट वापरण्याची नियमित सवय.' शेठने वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "एक नंबर लिहिलंस." थाप कशाची ते संध्याकाळी कळलं, जेव्हा चौकशीसाठीचा खुलासा टाइप करायला माझ्याकडेच आला. 'बेल्टची नियमित सवय असूनही सदर कामगार बेल्ट घरी विसरून आला व स्वतःच्या निष्काळजीपणामुळे...' मी थांबलो. शेठ म्हणाला, "टेन्शन घेऊ नकोस. भरपाई काय, कायद्याने त्याच्या बायकोला मिळेलच. आपल्यावर नको यायला, एवढंच." आणि मी ते टाइप केलं. माझ्या प्रेमाच्या दोन ओळींचा शेठने फास केला, आणि तो आवळायलाही मीच होतो.

मागच्या आठवड्यात वहिनी गावाहून परत आल्या. भेटायला गेलो तर खोलीभर सामान. ट्रंक उघडी, भांडी खाली, गादी एका बाजूने उसवलेली. मला वाटलं, खोली सोडतायत. म्हणाल्या, "बेल्ट घरी ऱ्हायला म्हणं त्यांचा. समदं उपसलं. कुठंच न्हाई. कुठं ठिवला असंल ओ भावजी?" बेल्ट काढून घेतल्याचं त्याने घरी सांगितलंच नव्हतं. मी सांगून टाकलं, शेठ, कपाट, किल्ली, सगळं. मग माफी मागू लागलो. त्यांनी हाताने थांबवलं.

"मला कशापायी सांगताय? त्यो कसा हुता मला ठावं हाय. ज्यानं लिवलं त्याला सांगा."

"लिहिलं मीच, वहिनी."

त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं. रडल्या नाहीत. "मग खोडा."

दुसऱ्या दिवशी जाऊन कपाट उघडलं. फायली होत्या, शिक्के होते. बेल्ट नव्हता. कपाटाची दुसरी किल्ली शेठकडे असते. शेठला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "कुठला बेल्ट?" ज्या दोघांनी बेल्ट मागितला होता त्यांना आता काही आठवत नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही, त्यांचे पैसे अजून डब्यावरच आहेत. उरला माझा शब्द. पुढच्या सोमवारी चौकशीत माझा जबाब आहे. सांभाळून बोल, असा शेठचा निरोप आला आहे. मी सांभाळूनच बोलणार आहे, आणि वहिनींना वाट बघायला लागू नये म्हणून तिथे जे सांगणार ते इथेच आधी लिहून ठेवतो. हणमंत रोज बेल्ट लावत होता. तो आम्ही काढून घेतला. 'घरी विसरला' हे मी टाइप केलं, आणि ते खोटं आहे.