बावखलाच्या वाटेवर तार

मंडळी, आज सकाळी निर्मळच्या आमच्या वाडीत धाकट्या भावाने तारेचं कुंपण घातलं. वाटणीत बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, त्याच्याकडे गेलं. आमची कपिला गाय रोज तिथेच पाणी पिते आणि जाता-येता त्याची केळीची कोवळी रोपं खाते. त्याची तक्रार खोटी नाही.

"अरे बाबू, तिच्यापुरतं फाटक तरी ठेव."

"आणि ते उघडं कोण टाकणार, दादा? तूच, कविता म्हणत!" मग तार ओढणाऱ्यांना म्हणाला, "अजून ताणा रे. दादा विरघळला तरी तार ढिली पडता कामा नये."

गडी हसले. मीही हसलो. तार ताणताना कोपऱ्याचा खांब वाकू नये म्हणून टेकाही मीच धरला.

संध्याकाळी कपिला सवयीने निघाली आणि तारेपाशी अडली. मी नळाचं पाणी बादलीत आणलं. तिने हुंगून तोंड फिरवलं आणि पलीकडे बघत हंबरत राहिली. शाळेतल्या कवितांत गाई संध्याकाळी नुसत्या घरी यायच्या.

बाबू ओटीवर बसून बघत होता. उठला नाही.

तुमच्याकडे वाटण्या झाल्या, तेव्हा जनावरांना कुणी आणि कसं समजावलं?