गेममधली ती विचारते, "जेवायला थांबू का?"

मंडळी, पडेगावात घरी बसून मी प्रौढांसाठीच्या प्रेमकथांच्या गेमचे मराठी संवाद तपासतो. पलंगावरचं सगळं एकाच साच्यातलं, प्रेम कुठंच नाय. म्हणून गेमच्या लेखिकेला नमुन्यादाखल माझ्या वारलेल्या बायकोचे मेसेज दिले होते.

आज दुपारी नायिका पडद्यावर म्हणाली, "जेवायला थांबू का?" खाली खेळणाऱ्यासाठी तीनच पर्याय: गप्प राहा, 'कामात आहे' म्हणा, फोन बंद करा.

बायकोनं असं विचारलं की मी हेच करायचो. पण लेखिकेला माझी उत्तरं तर मी दिलीच नव्हती!

फोन लावला. लेखिका म्हणाली, "सर, वहिनींच्या पुढच्या मेसेजवरून कळतंय की."

मी चौथा पर्याय टाकला: 'आलोच'. तो दाबला की ती नुसती माझ्याकडं बघत राहते.

तिची पुढची ओळ आता कुणी लिहायची?