सुईखालचं बोट

जुनं शिलाई मशीन पालथं केलं की खालून काय पडेल ते सांगता येत नाही. मोडक्या सुया, एखादं बटण, तेलात भिजलेला दोऱ्यांचा बुरा, कुणाच्या तरी लग्नातल्या जरीचा तुकडा. मुद्दाम कुणी ठेवलेलं नसतं, आपोआप साचत जातं. मरोळच्या गाळ्यातले आमचे किस्सेही असेच साचलेत. आता मशीन पालथं केलंच आहे, तर पडू देत!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गाळा नाना साळवींचा. नाना मूळचे मालवणकडचे, गिरणीत फिटर. गिरणी बंद पडल्यावर इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या गल्लीत त्यांनी जुनी मशिनं घेऊन नवी करायला सुरुवात केली. दर रविवारी दुपारी दोन बिनपगारी मजूर तिथं हजर असायचे. एक कांबळे, ट्रॉम्बेला सरकारी स्टोअरमध्ये नोकरीला. दुसरा मी, सुधीर, घाटकोपरच्या एका शाळेतला क्लार्क आणि जन्माचा घाबरट.

कांबळेला मशिनांचं वेड का लागलं, ते त्यालाच ठाऊक. माझं कारण सांगतो. मी सात वर्षांचा असताना आई माझा शाळेचा शर्ट शिवत होती. दारात शेजारीण आली, आई मान वळवून तिच्याशी बोलायला लागली. पाय पायडलवरच होता. मी गंमत म्हणून एका हाताचं बोट सुईखाली ठेवलं आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं. सुई नखातून आरपार गेली आणि मोडली.

"माझा पाय पडला का रे?" आईनं किंचाळून विचारलं.

मी रडत रडत म्हणालो, "हो."

त्या दिवसापासून आई मशीनवर बसली नाही. अख्ख्या चाळीचे ब्लाउज शिवणारी बाई पापड लाटायला जाऊ लागली. मशीन चादर पांघरून कोपऱ्यात गेलं, वर पिठाचा डबा आला. ते मशीन नीट करायचं आणि आईला खरं सांगायचं, एवढंच माझ्या मनात होतं. पंचवीस वर्षं धीर झाला नव्हता.

*

गाळ्यातला माझा पहिलाच रविवार. अंधेरीच्या एका रिटायर्ड बाईंचं हाताचं मशीन आलं होतं. काळंभोर अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. नानांनी ते पुसायला दिलं आणि ते चहा सांगायला गेले.

मी हुशारी केली. तेलानं डाग निघेना म्हणून थिनर घेतला. डाग निघाला. मागोमाग वेलही निघाली! निम्मी बाग माझ्या फडक्यावर आली. फडकं खिशात कोंबलं आणि नाना आल्यावर म्हणालो, "नाना, हे असंच आलं होतं. मी बघितलं ना!"

नानांनी मशीनकडे बघितलंच नाही. माझ्या बोटांकडे बघितलं. दहाही बोटं चमकत होती.

"सोन्याचे हात घेऊन खोटा बोलतंस रे?"

संध्याकाळी बाई आल्या. आता माझी वाट लागली, अशा तयारीनं मी कपाटाला चिकटून उभा होतो. नाना पुढे झाले आणि म्हणाले, "बाई, चूक झाली. माझ्या हातून झाली." बाईंनी त्यांना अर्धा तास झापलं. मी मागे उभा राहून ऐकलं आणि तोंड उघडलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचं आठवलं. घरी जाऊन जेवलो नाही.

*

मढच्या एका बंगल्यातून निरोप आला. शूटिंगला भाड्यानं जाणारा बंगला, राखण करायला मेरी आंटी. तिथलं पायडलचं मशीन म्हणे आपोआप चालतं.

"भूतबीत काय नसतं यार," कांबळे खाडी ओलांडताना होडीत म्हणाला. "आपण नाही मानत."

आंटी मागच्या अंगणात मासे सुकत घालत होती. तिनं हातानंच खोली दाखवली. दार लोटलेलं. आम्ही जवळ गेलो आणि आतून आवाज आला. खटखटखटखट! थांबला. पुन्हा खटखटखट! भर दुपार होती, बाहेर लख्ख ऊन होतं, पण मी दारापासून दोन पावलं मागे सरलो.

"कांबळे, तू उघड ना."

मागे वळून बघितलं तर कांबळे फाटकाच्या बाहेर!

तिथूनच ओरडला, "मी मानत नाही रे! पण तू उघड!"

शेवटी नानांनी लाथेनं दार उघडलं. लोखंड थंड लागतं म्हणून एक गलेलठ्ठ कुत्रा पायडलवर आडवा झोपला होता. पिसवा चावल्या की मागच्या पायानं कराकरा खाजवायचा आणि पायडल हलायचं. वर चाक फिरायचं, सुई नाचायची.

नानांनी आंटीला सगळं समजावलं. ती शांतपणे म्हणाली, "मालूम हाय. रिपेर नको, फक्त ऑइल घाला. आवाजानं बिचाऱ्याची झोप मोडते."

*

आमच्या गाळ्यात एक रिवाज होता. कुठलंही मशीन उघडलं की आधी बॉबिन काढायची आणि तिच्यावर उरलेला दोरा कागदात बांधून मालकाला परत द्यायचा. नाना म्हणत, मशीन आपण नवं करतो, पण त्यावर शिवणाऱ्या हातांचं तेवढंच जुनं शिल्लक असतं.

बोरिवलीच्या एक ताई बहिणीचं मशीन घेऊन आल्या. बहीण वारली होती. कांबळेनं साफसफाई करताना बॉबिनवरचा लाल दोरा बुऱ्याबरोबर फेकून दिला. लक्षात आलं तेव्हा ताई दारात! घाईघाईनं त्यानं नव्या रिळातला लाल दोरा गुंडाळून कागदात बांधला.

ताईंनी पुडी उघडली. दोरा दोन बोटांत धरून ओढला.

"हा तिचा नाही. ती दोऱ्याला मेण लावायची."

मी मनात म्हटलं, आता कांबळे काहीतरी ठोकून देणार. मी तर तीन थापा तयार ठेवल्या होत्या, उसन्या द्यायला.

कांबळेनं हातातलं फडकं खाली ठेवलं. तो म्हणाला, "ताई, तुमचा दोरा मी फेकला. हा खोटा आहे."

ताईंनी पदर खोचला आणि कचऱ्याच्या डब्यापाशी जमिनीवर बसल्या. मग आम्ही तिघंही बसलो. तासाभरानं वीतभर लाल दोरा सापडला, मेणानं कडक झालेला. ताई तो घेऊन रडल्या आणि जाताना कांबळेच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या.

मी त्याला विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली यार! पण पाच सेकंदांत संपलं."

त्या रात्री मी आईशेजारी बराच वेळ बसलो. पाच सेकंद काही सुरू होईनात.

*

वर्षभर काम शिकल्यावर नानांनी पहिलं अख्खं मशीन माझ्यावर सोपवलं. मुलुंडच्या एका टेलरचं होतं. मी इतकं सुरेख फिरतं केलं की नाना म्हणाले, "झकास!" टेलर घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर मशीन घेऊन परत आला.

"काय राव! पळतं घोड्यासारखं, पण शिवत नाही!"

नानांनी उघडून बघितलं. टेलरनं बसवलेली सुई आणि खालचा दोरा धरणारं शटल यांची गाठच पडत नव्हती. एक टाका घालून बघितला असता तर कुणालाही कळलं असतं. मी बघितलं नव्हतं, कारण मी मशिनात सुई बसवलीच नव्हती. वर्षभरात एकदाही नाही! फिरत्या मशीनमध्ये सुई दिसली की माझं बोट आपोआप मुठीत जायचं.

नानांनी टेलरला चहा पाजला, स्वतः टाका जुळवला आणि तो गेल्यावर माझी मूठ उघडली. नखावरचा व्रण बघितला.

"कोणी केला ह्या?"

"आईचा पाय पडला," मी म्हणालो. इतक्या वर्षांची सवय!

नानांनी माझ्या बोटांकडे बघितलं. बोटांना सोनं लागलं नव्हतं, तरी त्यांनी ओळखलं.

"आवशीचा मशीन घेऊन ये," ते म्हणाले. "आणि आवशीक पण."

*

मशीन टेंपोतून आलं. नानांनी महिनाभर त्याला कुणाचाही हात लागू दिला नाही. पालथं केलं तेव्हा तळातून मोडक्या सुईचं टोक पडलं. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. बॉबिनवर निळा दोरा होता, माझ्या शाळेच्या शर्टाचा.

नानांचा आणखी एक नियम होता. नवं झालेल्या मशीनवर पहिली शिवण मालकिणीनंच घालायची. आई आली. स्टुलावर बसली. निळा दोरा ओवला, एका फटक्यात. कापड सरकवलं. पाय पायडलवर ठेवला आणि तो थरथरायला लागला.

"मला नाही जमणार हो," ती नानांना म्हणाली. "ह्या पायानं पोराचं बोट फोडलंय."

कांबळेनं माझ्याकडे बघितलं. नाना उगाच एक स्वच्छ पाना पुसत होते. दार उघडंच होतं, पळून जाता आलं असतं.

"आई, तुझा पाय पडला नव्हता. चाक मी फिरवलं होतं."

पाच सेकंद झाले. दहा झाले. कांबळे साला खोटं बोलला होता, काही संपलं नव्हतं! आईनं मान वर केली नाही. ती चाकाकडे बघत होती. मग आपल्या पायाकडे. पाय थरथरायचा थांबला होता.

"इकडे ये," ती म्हणाली.

मी गेलो. तिनं माझा हात धरला, व्रणाचं बोट शोधून काढलं आणि ते कापडावर ठेवलं. सुईच्या अगदी पुढे. मी हात मागे घ्यायला लागलो तसा तिनं तो आणखी घट्ट दाबला.

"सुध्या, बोट तिथंच ठेव," आई म्हणाली. "आता पाय माझा आहे."

आणि तिनं पायडल दाबलं.