दादासोंनी न मोजलेली नात

आटपाडीच्या पूर्वेला माळवस्तीवर दादासो राहायचे. सत्तरीचे धनगर, अंगाने काटक, स्वभावाने संशयी. मेंढरं मोजली की घटतात, अशी त्यांची पक्की समजूत. तिन्हीसांजेला मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी उभे राहायचे आणि नुसत्या नजरेनं सांगायचे, "बांडी मेंढी आली न्हाई." एकदाही चुकले नाहीत. माणसांचंही तसंच. घरात पोरं किती, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

त्याला कारण होतं. आणीबाणीत एक कागदवाला आला, पोरं किती विचारून गेला, आणि आठवड्यानं त्यांच्या धाकट्या भावाला, ज्ञानूला, जीपमध्ये घालून नसबंदीला नेलं. तेव्हापासून कागद घेऊन येणारा प्रत्येक माणूस दादासोंच्या लेखी चोर.

१९९१च्या फेब्रुवारीत तो कागदवाला मी होतो. गावच्या शाळेतला मास्तर, त्यामुळे शिरगणती आलीच गळ्यात. पण या खेपेला मला हुरूप होता. वस्तीवर दोनशे माणसं भरली तर तिथंच शाळा द्यायची, असं तालुक्याच्या साहेबांनी कबूल केलं होतं. दादासोंची नात मंगल माझ्याच वर्गात दुसरीला होती. रोज ओढा ओलांडून कोसभर चालत यायची. पावसाळा लागला की तिला घरी बसवणार, असं तिच्या बापानं, अर्जुनानं, मला सांगून टाकलं होतं.

दादासोंनी बसायला घोंगडं टाकलं, पण डोळे माझ्या पिशवीवर.

"घरात माणसं किती?"

"पाच."

दारात नऊ ताटल्या वाळत होत्या. "मग ह्या कुणाच्या?"

"पावण्यांच्या."

"आणि मंगल?"

"ती मामाच्या गावची. आवं गुर्जी, तुमाला नावं कशापायी पायजेत त्ये मला ठावं हाय."

मी शाळेचं सांगितलं. ते हसले. "ज्ञानूला बी डालड्याचा डबा देतो म्हनले हुते."

माझं डोकं फिरलं. लोक सांगतील तेच लिहायचं, असा नियम होता. मी पाच लिहिले. मंगलचं नाव माझ्या हजेरीपटावर असताना लिहिले. पुढच्या प्रत्येक घरी दादासो मागोमाग येऊन दारात उभे राहिले आणि प्रत्येक घर लहान होत गेलं. वस्तीवरची निम्मी पोरं म्हणे मामाकडं गेली होती. बेरीज आली एकशे ब्याण्णव.

जूनमध्ये शाळा पलीकडच्या वस्तीला मिळाली. दादासो मंगलला घेऊन तणतणत माझ्याकडे आले.

"आमची मानसं खाल्ली तुमी! पलीकडची काय आमच्यापरीस जास्त हायती व्हय?"

"तुमच्या घरची पाचच सांगितलीत तुम्ही," मी म्हणालो.

मंगलनं त्यांचं धोतर ओढलं. "आबा, मग मी न्हाई व्हय त्यात?"

दादासोंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "ही एक. लिवा, गुर्जी." मग बोटं दुमडत उरलेल्या तिघांची नावं सांगितली.

शिरगणतीच्या वह्या मार्चमध्येच जमा झाल्या होत्या. तसं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर विश्वास ठेवला. मला त्यांच्याकडं बघवेना. ओढ्याला पाणी आलं, आणि महिनाअखेरीस हजेरीपटावरून मंगलचं नाव मीच कमी केलं.