भारत विरुद्ध श्रीलंका, मध्ये मी

आमच्या घराने आजवर एकदाच देशाचं प्रतिनिधित्व केलं आहे. ते साधारण अर्धा तास टिकलं.

जव्हारला माझा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. लग्न असो, प्रचारसभा असो, दशक्रिया असो, खुर्च्या माझ्या, माइक माझा आणि बऱ्याचदा आवाजही माझाच. शिरपामाळच्या रस्त्याला एक नवं रिसॉर्ट झालं, तेव्हा त्यांचे सावंतसाहेब ठाण्याहून मला भेटायला आले. आंतरराष्ट्रीय सांघिक डार्ट्स स्पर्धा घ्यायची आहे म्हणाले. नेपाळ, श्रीलंका, मलेशिया, कुठून कुठून चार-चार जणांचे संघ येणार. डार्ट्स तुमच्याकडे माहीत आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आमच्याकडे फार खेळतात."

डार्ट्स म्हणजे बोटभर लांबीचे बाण हाताने फेकून भिंतीवरच्या गोल बोर्डावर मारायचे, हे मला घरी आल्यावर मुलीने मोबाइलवर दाखवलं. (तोवर मला तो नाचाचा प्रकार वाटत होता आणि मी स्टेज धरून हिशेब दिला होता.)

सावंतसाहेबांनी अंदाज यावा म्हणून एक जुना बोर्ड आणि थोडे डार्ट पाठवून दिले. मी तो स्वयंपाकघराच्या दारावर टांगला आणि घरच्यांना शिकवायला बसलो. घरात आम्ही चौघं होतो. मी, अंगणवाडीत काम करणारी माझी बायको वंदना, कॉलेजात जाणारी मुलगी रेश्मा आणि खोडाळ्याहून आलेले माझे सासरे, म्हणजे मामा. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. डॉक्टरांनी वाकू नका, ओझं उचलू नका, शेतात जाऊ नका असं सांगितल्यामुळे ते दिवसभर काळा चष्मा लावून ओट्यावर बसत आणि कंटाळून येणाऱ्या-जाणाऱ्याला नागलीचा भाव विचारत.

मी सगळ्यांना खेळाचं मर्म समजावलं. मधला लाल ठिपका म्हणजे सर्वस्व, बाकीचे आकडे शोभेला आहेत. रेश्मा म्हणाली की मोबाइलवर वेगळंच सांगतात, वीसच्या घरातल्या बारीक पट्टीत मारलं तर मधल्यापेक्षा जास्त गुण मिळतात. मी तिला म्हटलं, मोबाइल काय वाट्टेल ते सांगतो. झालं, घरात सकाळ-संध्याकाळ मधल्या ठिपक्याचा नाद सुरू झाला. मामांना तर काळ्या चष्म्यातून बाकीचं काही दिसतच नव्हतं, तेवढा मध्यच दिसे. त्यांचा डार्ट मध्याला किंवा त्याच्या भोवतीच्या हिरव्या कड्याला लागायचाच. वंदना भाकरी थापता थापता उठून तीन मारायची आणि परत चुलीकडे जायची. रेश्माचंही बसलं.

माझं बसलं नाही. माझा एक डार्ट भाकरीत गेला. एक मामांच्या टोपीत गेला, ती सुदैवाने खुंटीवर होती. एक खिडकीतून बाहेर गेला तो बरेच दिवस मिळेना. शेवटी तो शेजारच्या गुरुजींना त्यांच्या स्कूटरच्या सीटवर मिळाला. दिसला नाही, मिळाला. (गुरुजी अजूनही माझ्याशी उभ्यानेच बोलतात.) त्यानंतर घरच्यांनी मला प्रशिक्षक केलं, म्हणजे फेकायचं नाही, फक्त बोलायचं. ते मला जमण्यासारखं होतं.

स्पर्धेच्या सकाळी मी रिसॉर्टवर वायर ओढत होतो, तेव्हा सावंतसाहेब घाम पुसत आले. भारताचा दुसरा संघ नाशिकहून येत होता, त्यांची गाडी मोखाड्याच्या पुढे घाटात बंद पडली होती. समोर श्रीलंकेचा संघ तयार उभा होता. स्थानिक चौघं मिळतील का, नुसते उभे राहिले तरी चालतील, असं ते म्हणाले आणि पुढे म्हणाले, "तुमच्या भागात काय, नेम रक्तातच असतो."

माझ्या रक्तात फक्त साखर आहे आणि तीसुद्धा तपासणीत दर वेळी वेगळी निघते. पण मी मान डोलावली. घरी फोन केला. वंदनाने देशाचं नाव ऐकून घेतलं आणि दुपारचं जेवण आहे का ते विचारलं. आहे म्हटल्यावर तिघंही जीप करून आले.

संघाचे टी-शर्ट घाटातल्या गाडीत अडकलेले होते, म्हणून आम्हाला रिसॉर्टच्या वाढप्यांचे टी-शर्ट दिले. मामांचा गुडघ्यापर्यंत आला, त्याखाली धोतर. माझा पोटाच्या अलीकडेच थांबला. सामन्याआधी नेपाळच्या एका खेळाडूने मला बोट करून बोलावलं. मला वाटलं, कप्तानाशी ओळख करून घ्यायची असेल. त्याला चहा हवा होता. मी नेऊन दिला. त्याने साखर कमी सांगितली, मी बदलूनही आणला.

मग माइकवरून मीच नियम वाचून दाखवले. प्रत्येक संघाने पाचशे एकपासून सुरू करायचं आणि मिळतील ते गुण वजा करत बरोबर शून्यावर यायचं. शेवटचा डार्ट कडेच्या, दुप्पट गुणांच्या अरुंद पट्टीत किंवा मधल्या लाल ठिपक्यात लागला पाहिजे. लाल ठिपक्याला पन्नास, भोवतीच्या हिरव्या कड्याला पंचवीस. उरल्यापेक्षा जास्त गुण मारले तर ती पाळी रद्द आणि आकडा होता तिथे परत. हे सगळं मी खणखणीत आवाजात वाचलं, पण माइकवर बोलताना मी स्वतःचं ऐकत नाही, ही धंद्याची सवय आहे. घरचे मात्र ऐकत होते. वजाबाकीचा विषय निघाला तेव्हा तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

कप्तान म्हणून पहिली पाळी माझी. पहिला डार्ट एकच्या घरात गेला, म्हणजे एक गुण. दुसरा आणि तिसरा बोर्डापर्यंत गेलेच नाहीत. पाचशे उरले. लोक हसले, पण खरं सांगतो, आमच्या संघासाठी त्या दिवशी मी केलेलं तेवढंच काम होतं. कारण मागून घरचे आले आणि हिरवं कडं, हिरवं कडं, लाल ठिपका असे पंचवीस-पन्नासाने आकडा उतरवू लागले. माझी पाळी आली की बोर्डाला विश्रांती. मी एकही लावत नव्हतो, त्यामुळे हिशेबही बिघडत नव्हता. जामसरकडची मंडळी बघायला आली होती, ती उठून पुढे सरकली. सावंतसाहेब फोनवर कोणाला तरी सांगत होते की बघा, रक्तात असतं.

श्रीलंकेचे लोक खरे खेळाडू. ते आमच्या कितीतरी आधी शेवटाला पोचले होते, पण कडेच्या पट्टीवर त्यांचं अडलं. डार्ट केसभर बाहेर पडत होते. त्यांचा कप्तान खांदे उडवून हात मोकळा करायचा, फुंकर मारायचा आणि पुन्हा चुकायचा. इकडे मामांनी तीनही डार्ट हिरव्या कड्यात मारले आणि आमचे बरोबर पन्नास उरले. एक लाल ठिपका, की सामना आमचा.

पाळी माझी होती.

वंदना जवळ आली. अंगणवाडीतल्या पोराला समजावतात त्या आवाजात म्हणाली, "ऐका. तुम्ही बोर्डाला लावूच नका. तुमच्यानंतर रेश्मा आहे."

मामा म्हणाले, "पावणं, रोज मारता तसाच मारा, म्हंजे झाला."

यात अपमान होता, पण योजना उत्तम होती. देशासाठी मला फक्त चुकायचं होतं आणि चुकण्यात माझा हात धरणारा जव्हार-मोखाड्यात कोणी नव्हता. डाव्या हातात माइक होता. मी बोर्डाच्या दीड हात वर, छताकडे नेम धरला आणि फेकला. डार्ट वर गेला, तिथे त्याचा विचार बदलला आणि खाली येऊन तो वीसच्या घरात रुतून बसला.

तीस उरले. वंदनाने टी-शर्टवरून घेतलेला पदर तोंडाला लावला. आता लाल ठिपका कामाचा नव्हता, कडेची ती अरुंद पट्टी लागणार होती आणि ती मी आमच्या घरात कोणाला शिकवलीच नव्हती.

दुसरा डार्ट मी आणखी लांब, डावीकडे मारला. तो माझ्याच स्पीकरच्या जाळीत घुसला. असा चीत्कार निघाला की मलेशियाच्या संघाने कान झाकले. तिसऱ्या वेळी मी डोळेच मिटले. टक्क असा आवाज आला. डोळे उघडले तर डार्ट लाल ठिपक्यात, बरोब्बर मध्ये. आयुष्यात पहिल्यांदा.

माणसाचा त्या क्षणी स्वतःवर ताबा राहत नाही. आणि माझ्या हातात माइक होता.

"भारत विजयी!" मी ओरडलो.

पाहुण्यांच्या स्वागतासाठी तारपेवाले बोलावलेले होते. त्यांना सांगून ठेवलं होतं की माइकवरून कोणी जिंकल्याचं ऐकू आलं की वाजवायचं. त्यांनी तारपा फुंकला. जामसरच्या मंडळींनी एकमेकांच्या कमरेत हात घालून फेर धरला आणि जवळ उभा असलेला श्रीलंकेचा अख्खा संघही त्यात ओढला गेला. तेवढ्या गलक्यात पंच माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले की तीस उरले होते, तुम्ही पन्नास मारलेत. मी त्यांना बोर्ड नीट बघा म्हटलं. त्यांनी नीट बघितलं. मग म्हणाले, तुम्हीच मघाशी वाचून दाखवलंत, जास्त झाले की पाळी रद्द. तुमचे पुन्हा पन्नास.

रेश्मा तर खूश झाली. पन्नास उरले, पुढची पाळी तिची, म्हणजे मी घातलेला घोळ मीच निस्तरला होता. मध्ये फक्त श्रीलंकेची एक पाळी होती, पण त्यांना खेळायला लावायचं तर आधी फेर थांबायला हवा होता, आणि तारपा एकदा चढला की लवकर उतरत नाही. बऱ्याच वेळाने तो श्रीलंकेचा कप्तान फेरातून सुटून आला. चेहरा लाल, श्वास फुललेला, पण इतका वेळ आखडलेला खांदा नाचून अगदी सैल झाला होता. त्याने पहिलाच डार्ट पट्टीत मारला.

यंदाच्या स्पर्धेसाठी परवा सावंतसाहेबांचा फोन आला. माझ्याशी ते खुर्च्या, पाऊसपाणी, माझी तब्येत असं फार गोड बोलले आणि मग वहिनींना फोन द्या म्हणाले. वंदनाने ऐकून घेतलं. "हो, आम्ही तिघं येतो," म्हणाली. "चौथं कोणीही बघा. नाही हो, त्यांना काही वाईट वाटायचं नाही."

मला वाईट वाटलं नाही. खेळाडूने शिखरावर असताना निवृत्त व्हावं, या मताचा मी आहे. माझं शिखर पंचांनी हिशेब करेपर्यंत टिकलं, पण होतं.